बंदुकीचा दस्ता, जवसाचे तेल आणि कोपऱ्यातली चिंधी

खंडेनवमीला अनेक घरांत शस्त्रे पूजेसाठी बाहेर काढली जातात. ज्या घरात परवान्याची बंदूक आहे, तिथे वर्षभर कपाटात कुलूपबंद असलेली जुनी बारा बोअरही त्या दिवशी पाटावर येते. आधी नळी पुसली जाते, लोखंडाला तेल लागते आणि मग लक्ष जाते लाकडाकडे. पावसाळ्याचे चार महिने काढलेला दस्ता निस्तेज झालेला असतो. कुठे पांढुरका डाग, कुठे बुरशीची पुसट छटा, कुठे बोटाला लागणारा चिकटपणा. मग कुणी खोबरेल चोळतो, कुणी हार्डवेअरच्या दुकानातून जवसाच्या तेलाची बाटली आणतो. दस्ता चमकू लागतो आणि तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले जाते.

या सगळ्या कामात सर्वांत धोक्याची गोष्ट शेवटची आहे. ज्या रासायनिक क्रियेमुळे जवसाचे तेल लाकडाचे रक्षण करते, त्याच क्रियेमुळे कोपऱ्यातले फडके काडी न ओढता पेट घेऊ शकते. बंदुकीचा दस्ता असो, क्रिकेटची बॅट असो की घरातला जुना पलंग, जवसाचे तेल हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ही क्रिया समजून घ्यायला हवी.

लाकूड फुगते, लाकूड आकसते

झाड तोडून कितीही वर्षे झाली, तरी लाकडाचे हवेतल्या बाष्पाशी असलेले नाते तुटत नाही. हवा दमट असली की लाकडाच्या पेशींच्या भिंती बाष्प शोषून घेतात, हवा कोरडी झाली की ते सोडून देतात. कोकणात जुलै महिन्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते. अशा हवेत पुरेसे दिवस राहिलेल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १८ टक्क्यांपर्यंत जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यासारख्या, ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास येते.

या चढउताराबरोबर लाकडाचा आकार बदलतो, पण सगळ्या दिशांनी सारखा नाही. धाग्याच्या दिशेने लांबी जवळजवळ तेवढीच राहते. रुंदी मात्र वाढते आणि घटते. अक्रोडाच्या पाच सेंटिमीटर रुंद तुकड्यात १८ वरून ६ टक्क्यांपर्यंत उतरताना एक ते दीड मिलिमीटरचा फरक पडू शकतो. टेबलाच्या फळीत तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. बंदुकीत मात्र लाकूड लोखंडाला घट्ट बसवलेले असते. लोखंड जागचे हलत नाही आणि लाकूड हलते. त्यामुळे बारीक भेगा पडतात, स्क्रू सैल होतात, नळीखालचे लाकूड वाकते.

जुन्या लष्करी रायफलींमध्ये याचा परिणाम थेट नेमावर होत असे. भारतात पोलिसांच्या हाती दीर्घकाळ दिसलेली पॉइंट थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड, हिच्या नळीला जवळजवळ टोकापर्यंत लाकडाचे आवरण असते. ते लाकूड ओलाव्याने वाकले की नळीवरचा दाब बदलतो आणि गोळी लागण्याची जागा सरकते. म्हणूनच ब्रिटिश फौजेत रायफलीच्या लाकडाला जवसाचे तेल चोळण्याची शिस्त होती. दस्त्यासाठी अक्रोडाला पूर्वापार पसंती मिळाली तीही याच कारणाने. हे लाकूड मजबूत असूनही फार जड नाही, धक्का सोसते आणि नीट वाळवल्यावर आकार बऱ्यापैकी टिकवून ठेवते.

तेल वाळते म्हणजे काय होते?

ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी उडून जाते. जवसाचे तेल वाळते तेव्हा जवळजवळ उलटे घडते. त्यातून फारसे काही उडून जात नाही. उलट तेल हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्याचे वजन वाढते. ऑक्सिजनच्या मदतीने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचे रूपांतर लवचीक, घट्ट पापुद्र्यात होते. हा पापुद्रा पुन्हा पातळ करता येत नाही.

हे सगळ्या तेलांना जमत नाही. त्यासाठी तेलातील मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध लागतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि त्याच्या प्रत्येक साखळीत तीन दुहेरी बंध असतात. आहारतज्ज्ञ ज्याला वनस्पतिजन्य ओमेगा-३ म्हणतात, तेच हे आम्ल. जवसाची चटणी ज्या गुणासाठी खावी असे सांगितले जाते, तोच गुण दस्त्यावर पापुद्रा तयार करतो. ताटातले जवसाचे तेल लवकर खवट होते, तेही याच क्रियेच्या सुरुवातीच्या टप्प्यामुळे. म्हणून खाण्याचे जवस तेल गडद बाटलीत, थंड जागी ठेवतात आणि त्यात तळण करत नाहीत.

तेलात दुहेरी बंध किती, हे मोजण्याचे एक जुने माप म्हणजे आयोडीन मूल्य. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पकडते, ते हा आकडा सांगतो. खोबरेल तेलात तो १० च्या आसपास, शेंगदाणा तेलात ८५ ते १०५, सूर्यफुलाच्या तेलात १२० ते १४० आणि जवसाच्या तेलात साधारण १७० ते २०० असतो. आकडा जितका मोठा, तितके तेल लवकर वाळते. खोबरेल तेल दस्त्यावर कितीही दिवस ठेवले तरी वाळत नाही. ते तसेच राहते आणि धूळ पकडते. शेंगदाणा तेलाचीही गत तीच. यंत्राचे किंवा नळीचे खनिज तेल तर कधीच वाळत नाही. नळीकडून झिरपून ते लाकडात शिरले की लाकूड काळपट आणि मऊ होते. जुन्या बंदुकांचा मनगटासारखा बारीक भाग, जिथे हाताची पकड असते, तो बहुधा याच तेलाने काळवंडलेला असतो. म्हणून नळीला तेल दिल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसावी आणि काही काळ बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवावी. त्यामुळे जादा तेल लाकडाकडे उतरत नाही.

खाण्याचे तेल वेगळे, रंगाच्या दुकानातले वेगळे

कच्चे जवस तेल वाळायला अनेक दिवस, दमट हवेत तर आठवडेही घेते. तेवढ्या काळात त्यावर बुरशी वाढू शकते. म्हणून दुकानात ‘डबल बॉइल्ड’ नावाने मिळणारे तेल वापरले जाते. नावात उकळणे असले तरी आज त्याचा वेग मुख्यतः त्यात मिसळलेल्या धातूंच्या क्षारांमुळे येतो. कोबाल्ट आणि मँगनीज हे त्यातले प्रमुख. पूर्वी यासाठी शिशाची संयुगेही वापरत. असे तेल चुकूनही पोटात जाता कामा नये. ते खाण्याच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे ही तर अपघाताला दिलेली हाकच आहे. कोबाल्टमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. तळहाताने तेल चोळण्याची जुनी पद्धत कच्च्या तेलापुरती ठीक. डबल बॉइल्ड तेल वापरताना हातमोजे घालणेच योग्य.

तेलाचा थर किती राखतो?

तेल लावले म्हणजे लाकडाला ओलाव्यापासून अभय मिळाले, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे १९१० पासून लाकडावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे, फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी. तिथे लाकडावरील निरनिराळे थर दमट हवेतले बाष्प किती रोखतात याची तुलना झाली. त्यात जवसाच्या तेलाचा क्रमांक खालचा लागला. दमट हवेत दोन आठवडे ठेवल्यावर त्याचा रोध जवळजवळ संपलेला होता. सर्वांत वरचढ ठरले ते वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवलेले लाकूड, पण दस्त्याला असे मेण चढवून चालत नाही.

मग तेल का लावायचे? कारण ते पावसाचे थेंब, घाम आणि मळ लगेच आत शिरू देत नाही, हातातून निसटत नाही, उन्हात फार चमकत नाही आणि मुख्य म्हणजे दुरुस्त करायला सोपे असते. खरचटलेल्या जागी पुन्हा थोडे तेल चोळले की काम होते. पॉलियुरेथेनचा कडक थर बाष्प बराच चांगला रोखतो, पण त्याला चीर पडली की पाणी खाली शिरते, पांढरा पट्टा दिसतो आणि मग सगळा थर घासून काढावा लागतो. लाखेचे स्पिरिट पॉलिश दिसायला देखणे आणि बाष्पाला चांगलेच आडवे येणारे, पण पाण्याचा थेंब साचून राहिला की त्यावर पांढरा डाग उमटतो आणि स्पिरिटने ते विरघळते. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्येही अल्कोहोल असते. तो सुकण्याआधी लाखेच्या पॉलिशला हात लावला तर ठसा उमटू शकतो.

याचा अर्थ असा, की ओलाव्यापासून खरे संरक्षण थरापेक्षा ठेवण्याच्या जागेत आहे. चामड्याच्या किंवा स्पंजाच्या अस्तराच्या पिशवीत बंदूक पावसाळाभर ठेवली तर पिशवी ओल धरून ठेवते. लोखंड गंजते आणि लाकडावर बुरशी येते. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाटही दमट असते. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या वेळोवेळी बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. अगदी बल्बच्या किंवा हीटरच्या शेजारी ठेवणेही बरे नाही, कारण ओलाव्याइतकाच एकाएकी आलेला कोरडेपणा लाकूड फोडतो.

आणखी एक जागा हमखास विसरली जाते. लाकडाचे आडवे कापलेले टोक पाणी सर्वांत वेगाने शोषते, कारण झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात. दस्त्याच्या मागच्या टोकाला, पट्टीच्या आड, हाच भाग असतो. वरून सुंदर पॉलिश आणि आत कोरडे लाकूड, अशी स्थिती असेल तर ओल त्या दाराने आत येते. बंदूक कधी जाणकार कारागिराकडे उघडली गेलीच, तर त्या टोकाला तेलाचे दोन हात द्यायला सांगावेत.

चिंधी का पेटते?

ऑक्सिजन घेऊन वाळणे म्हणजे एक प्रकारे अतिशय संथ जळणे. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. दस्त्यावर तेलाचा थर पातळ असतो, तो हवेला उघडा असतो, त्यामुळे ही उष्णता कळतही नाही. फडक्याचे तसे नसते. सुती फडक्याच्या हजारो धाग्यांवर तेल पसरते आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. ते चुरगाळून टाकले की आत क्रियेपुरती हवा असते, पण उष्णता बाहेर जायला वाट नसते. आतला भाग तापतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे उष्णता आणखी वेगाने तयार होते. काही तासांत कापड धुमसू लागते आणि पेट घेते. कोबाल्ट, मँगनीज मिसळलेल्या तेलात हे अधिक लवकर घडू शकते. तेलात भिजलेला लाकडाचा भुसाही असाच तापतो.

२३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत पेटली. २२ व्या मजल्यावर लाकडी तावदानांचे पॉलिश सुरू होते आणि कामगारांनी जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी तिथेच टाकलेली होती. शनिवारी रात्री लागलेली आग १८ तासांहून अधिक काळ धुमसत आणि भडकत राहिली. अग्निशमन दलाचे तीन जवान मरण पावले. ३० व्या मजल्यावर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा होती, तिथे ती आग अडली. इमारत पुन्हा कधी वापरात आली नाही आणि शेवटी पाडली गेली. या सगळ्याची सुरुवात फेकून दिलेल्या फडक्यांतून झाली होती.

उपाय अगदी सोपा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. वापरलेले फडके घराबाहेर, सावलीत, दोरीवर एकेरी पसरून घालावे. घडी घालू नये, फडक्यावर फडके टाकू नये. दोन-तीन दिवसांत ते पुठ्ठ्यासारखे कडक होते, म्हणजे तेलाची क्रिया बरीचशी पूर्ण झाली. मग ते कचऱ्यात टाकता येते. बाहेर जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात फडके पूर्ण बुडवावे आणि झाकण लावावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कचऱ्याच्या डब्यात, गाडीच्या डिकीत किंवा काडतुसांच्या कपाटाजवळ ते कधीही ठेवू नये.

घासण्याआधी विचार

दुसरा धोका सावकाश येणारा आहे. दस्ता नवा दिसावा म्हणून अनेकजण पॉलिश पेपर घेऊन बसतात. इंग्लंडमध्ये हाय वायकोम परिसरातील फर्निचर कामगारांना नाकाच्या आतल्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी अधिक होतो, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले. त्याचा संबंध टणक लाकडाच्या भुकटीशी होता. पुढे १९९५ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाच्या धुळीची नोंद माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केली. वर्षातून एकदा दस्ता घासणाऱ्याची तुलना आयुष्यभर भुकटीत काम करणाऱ्या कामगाराशी करता येणार नाही. तरीही चांगल्या प्रतीचा मास्क लावून, उघड्यावर आणि शक्यतो ओल्या पॉलिश पेपरने काम करणे शहाणपणाचे. जो सुतार हे रोज करतो, त्याला तर ही काळजी घ्यायलाच हवी.

शिवाय घासताना लाकडावरचे जुने शिक्के, क्रमांक आणि धारही जाते. वडिलोपार्जित किंवा ऐतिहासिक बंदूक असेल तर ती घासूच नये आणि तिला जवसाचे तेलही लावू नये. ते काळानुसार काळसर होते आणि मूळ थराला धक्का न लावता काढता येत नाही. म्हणून संग्रहालयांचे जतनकार अशा वस्तूंवर तेलाऐवजी पातळ, परत काढता येणारे मेण पसंत करतात.

पावसाळ्यानंतरचे अर्ध्या तासाचे काम

पहिले काम लाकडाचे नाही. बंदूक रिकामी आहे याची स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि मुलांना दूर ठेवावे. मग कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी. मळ असेल तर किंचित ओलसर कापडावर सौम्य साबण घेऊन पुसावे आणि लगेच कोरडे करावे. थर कोणता आहे ते कळत नसेल तर न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिटचा एक थेंब टेकवावा. जागा मऊ, चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश. त्यावर तेल चोळण्यात अर्थ नाही. कडक, काचेसारखा थर असेल तर तेल आत जाणारच नाही, तिथे पुसून थोडे मेण लावणे पुरे.

तेलाचा दस्ता असेल तर चार-पाच थेंबच घ्यावेत. चोळून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि वर राहिलेले तेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसून टाकावे. बहुतेक दस्ते चिकट होतात ते इथे. जाड थराचा वरचा भाग आधी वाळतो, त्याखाली ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तेल आत ओलेच राहते. हात फिरवल्यावर कोरडे लागेपर्यंत, निदान एक दिवस, दुसरा हात देऊ नये. पूजेची हळद ताज्या तेलावर लावू नये, कारण हळदीचा पिवळा रंग तेलात विरघळतो आणि लाकडात उतरतो. आधी पूजा, मग तेल, हा क्रम बरा.

लाकडाला भेग असेल, दस्ता हलत असेल किंवा लोखंडाजवळचे लाकूड मऊ झाले असेल, तर घरी डिंक लावून भागवू नये. बार उडाल्यावरचा धक्का तोच भाग झेलतो. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच ती बंदूक न्यावी. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुका दुरुस्त करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण नळीतल्या काजळीत शिशाचे अंश असतात. बंदूक कुलपात जावी, किल्ली जागेवर जावी. आणि दिवा मालवण्यापूर्वी एकदा पाहावे, की तेलाचे फडके कोपऱ्यात नाही, दोरीवर आहे.